प्लास्टिकच्या कटी सार्कची डोलकाठी का वाकते, आणि दोर कसे बांधावेत

हर्णैच्या एका तरुण मित्राने विचारलं आहे: "काका, कटी सार्क या जुन्या ब्रिटिश शिडाच्या जहाजाचं (क्लिपर जातीचं) १/९६ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल करतोय. हल, म्हणजे जहाजाचं अंग, डेक, रंग सगळं मनासारखं झालं. दोर लावायला घेतले आणि मधली डोलकाठी वरच्या अर्ध्या भागात पुढे वाकली. ती सरळ करायला मागून दोर ओढला तर आता एस आकाराची झाली आहे. जाळ्याच्या दुकानातून नायलॉनचा दोरा आणला होता, तो पाऊस लागल्यापासून लोंबतोय. आणि आजोबा, जे पूर्वी मचव्यावर तांडेल होते, म्हणतात की काठी पुढे झुकलेलीच पाहिजे. किटच्या नकाशात मात्र ती मागे झुकलेली आहे. कोणाचं ऐकू?"

आधी आजोबांचं बोलू, कारण त्या प्रश्नात बाकी सगळ्याची किल्ली आहे.

आजोबा बरोबर आहेत आणि नकाशाही बरोबर आहे. आपल्या मचव्याला एक भलं लांब परबाण, म्हणजे शीड टांगायचं लाकूड, असतं, ते काठीच्या शेंड्यावरून तिरकं लटकतं आणि त्याला तिकोनी शीड. काठी पुढे झुकलेली असली की परबाण काठीला न घासता मोकळं लटकतं, आणि वारा बदलला की ते काठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला नेता येतं. कटी सार्क वेगळ्या जातीचं जहाज. तीन डोलकाठ्या, तिन्हींवर आडवी परबाणं आणि चौकोनी शिडं. परबाणं काठीच्या पुढच्या अंगाला आडवी बसतात आणि काठीला पुढे, मागे, बाजूला असे कितीतरी दोर धरून असतात. काठी जरा मागे झुकवली की पुढे ओढणाऱ्या दोरांवर सतत भार राहतो आणि सगळी रचना ताठ बसते. मचव्यावर काठी बरीचशी स्वतःच्या जोरावर उभी असते. कटी सार्कवर ती दोरांनी उभी केलेली असते. तुझी काठी वाकली याचं कारण इथेच आहे.

खऱ्या जहाजावर दोरांचे दोन संसार असतात. एक स्थिर दोरांचा, म्हणजे काठीला धरून ठेवणारे. त्यात श्राउड काठीला दोन्ही बाजूंना आणि थोडं मागे ओढतात, स्टे पुढे ओढतात, आणि बॅकस्टे वरच्या काठ्यांना मागे ओढून धरतात. दुसरा चालत्या दोरांचा, म्हणजे परबाणं आणि शिडं वर-खाली, डावी-उजवीकडे करणारे. कटी सार्कवर एकूण ११ मैल दोर असल्याचं सांगतात. त्यातल्या प्रत्येक दोराचा ओढा कुठल्या तरी दुसऱ्या दोराने तोललेला आहे. मॉडेल करताना आपण तो तोल दोन-चार आठवडे बिघडलेला ठेवतो, कारण दोर एकेक करून लागतात. लाकडी काठी एवढा काळ सोसते. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, सोसत नाही. थोड्याशा सततच्या ओढीने ते हळूहळू वाकतं आणि नंतर तसंच राहतं. तू पुढचे स्टे आधी ताणून बांधलेस, वरची काठी पुढे गेली. मग मागून ओढलंस ते मधल्या जागी, म्हणून एस झाला. यात तुझा हात वाईट नाही. काठी आधी आतून पक्की करायची राहिली, एवढंच.

म्हणून आता सगळे दोर काप. जीवावर येईल, पण काप.

त्या जहाजाची मुख्य डोलकाठी डेकपासून ४६ मीटर उंच आहे. १/९६ ला ती जवळपास ४८ सेंटिमीटर होते. प्लास्टिकची एवढी लांब, वर निमुळती होत गेलेली काडी उघडी सोडणं म्हणजे वाकायला निमंत्रण. खालच्या काठीचे दोन अर्धे अजून चिकटवले नसतील तर आतल्या अंगाने गोल कानशीने चर पाड आणि २ मिमीची पितळी सळी दोन अर्ध्यांत बसवून चिकटव. सळी डेकच्या खाली किमान ३ सेंटिमीटर उतरली पाहिजे. बहुतेक किटांत काठी डेकच्या भोकात नुसती टेकलेली असते, तिथे ती डुलते. हलच्या तळाला आतून लाकडाचा ठोकळा चिकटवून त्यात सळीपुरतं भोक पाडलं की काठी खऱ्या जहाजासारखी तळावर उभी राहते. डेक बसवून झाला असेल तर डेकच्या भोकातून लांब ड्रिलने खाली पोचता येतं का ते बघ. नाहीच पोचलं तर त्या भोकातून दोन भागांचं एपॉक्सी थोडं सोडून सळीचं टोक त्यात बुडव आणि एक रात्र हलवू नकोस. लोखंडी सळी मात्र वापरू नकोस. आपल्या खाऱ्या हवेत ती गंजते, फुगते आणि प्लास्टिकला चिरा पाडते.

वरच्या दोन टप्प्यांच्या बारीक काठ्यांसाठी मी प्लास्टिक वापरायचं कधीच सोडलं. चिव्याच्या बांबूची पाठीकडची, म्हणजे सालीलगतची चीप घे. तोच भाग ताठ असतो. ड्रिलच्या तोंडात धरून फिरवत सँडपेपरने निमुळती कर. कोकणात हे लाकूड फुकट मिळतं आणि इतक्या बारीक जाडीला त्याच्यासारखं ताठ मी दुसरं वापरलेलं नाही. मात्र बांबू आधी महिनाभर घरात सुकव, ओला तासलास तर नंतर वळेल. रंग दिल्यावर तो प्लास्टिक आहे की बांबू हे हात लावूनही कळत नाही.

आता दोऱ्याचं. नायलॉन हवेतली ओल पितं आणि लांबतं, म्हणून तुझे दोर आषाढात लोंबले. जाळ्याच्या दुकानातलं तंगूस, म्हणजे एकसंध तारेसारखा नायलॉन, तर मुळीच नको. ते चमकतं, रिळावरची वळणं सोडत नाही आणि त्याची गाठ गोंद धरत नाही. कापसाचा दोरा याच्या उलट वागतो. पीळ दिलेला सुती दोरा ओला झाला की धागे फुगतात आणि दोरा आखडतो. माझं पहिलं मोठं मॉडेल व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं होतं, देवगडला घरीच केलेलं, सगळं सुती दोऱ्याने. दोरा ताठ राहावा म्हणून मी त्याला तांदळाची खळ लावली होती. मे महिन्यात ते देखणं दिसत होतं. जुलैत दोर आखडले आणि मागच्या काठीचा शेंडा मोडला. पुढच्या वर्षापर्यंत कसरीने खळ लावलेला दोरा जागोजागी खाल्ला. त्या जहाजाचे दोर मी पुन्हा पहिल्यापासून बांधले, आणि तेव्हापासून सुती दोरा आणि खळ दोन्ही घरातल्या कामातून बाद केली.

पॉलिएस्टर घे. शिंप्याच्या दुकानात मिळणारा साधा, चमक नसलेला पॉलिएस्टर दोरा जवळजवळ पाणी पीत नाही. जाड दोरांसाठी तोच दोन-तीन पदरी पिळून घेता येतो. इथे सुंभ वळताना पाहिलेल्या माणसाला काही वेगळं सांगायला नको. पदर एका दिशेने पिळायचे आणि मग एकत्र करून उलट दिशेने सोडायचे. वळून झाला की खाली वजन बांधून रात्रभर खुंटीला टांगून ठेव, म्हणजे उरलेला पीळ निघून जातो. न टांगता वापरलास तर बांधलेला दोर काठीभोवती गुंडाळल्यासारखा फिरत राहतो. नंतर दोरा मधमाशीच्या मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढ आणि बोटांच्या चिमटीत चोळून मेण आत मुरव. उभे राहिलेले बारीक तंतू बसतात आणि गाठ घसरत नाही. मेण जास्त झालं तर धूळ धरतं, तेव्हा दोनच वेळा.

जाडीचा हिशोब साधा आहे. खऱ्या जहाजावरचा ४८ मिमी जाडीचा दोर १/९६ ला ०.५ मिमी होतो, २४ मिमीचा ०.२५ मिमी. म्हणजे निदान चार जाड्या लागतील: मोठ्या स्टेना सगळ्यात जाड, श्राउडना त्याहून जरा बारीक, चालत्या दोरांना ०.२५ च्या आसपास, आणि श्राउडवरच्या पायऱ्यांना मिळेल तितका बारीक. किटमध्ये येणाऱ्या एकाच जाडीच्या दोऱ्याने सगळं बांधलं की जहाज खेळण्यासारखं दिसतं, मग रंग कितीही चांगला असो. रंगाचंही तसंच. स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळसर. पण निव्वळ काळा दोरा इतक्या लहान मापात डोळ्यात टोचतो, गडद तपकिरी घे. चालते दोर फिके, सुक्या गवताच्या रंगाचे. कटी सार्क १८६९ सालचं जहाज, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, आणि तिचे स्थिर दोर तारेचे होते. म्हणून तिच्या श्राउडला ठळक पीळ दिसण्याची गरज नाही, गुळगुळीत दोरा चालेल. व्हिक्टरी हे १७६५ साली पाण्यात उतरलेलं जहाज, तिला हेम्पचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूंचे, जाड दोर. तिथे पीळ दिसलाच पाहिजे. हा फरक पाळणारं मॉडेल जाणत्याच्या लगेच नजरेत भरतं.

बांधायला सुरुवात करण्याआधी आणखी एक काम, कंटाळवाणं पण न टाळता येणारं. किटमधले डेकवरचे प्लास्टिकचे कडे आणि दोर गुंडाळायच्या खुंट्या ओढ सोसत नाहीत. दहाव्या दोराला एक तुटते आणि तोवर तिच्यापर्यंत हात पोचत नाही. सगळ्या कापून टाक. खुंट्यांच्या जागी ०.५ मिमीची पितळी तार. कड्यांसाठी मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून जुन्या वाइंडिंगची तांब्याची तार माग, कोणीही मूठभर सहज देतो. सुईभोवती एक वेढा देऊन दोन्ही शेपट्या पिळायच्या, भोकात घालायच्या आणि फेव्हिक्विकचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. पिळलेली शेपटी भोकात घट्ट धरते.

फेव्हिक्विक एवढ्यापुरताच. दोऱ्याच्या गाठींना तो लावू नकोस. दोरा काचेसारखा कडक होतो, गाठीजवळ तुटतो आणि दमट दिवसांत आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक येते. गाठीला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल लाव. चुकलं तर ओल्या ब्रशने गाठ पुन्हा सोडवता येते, हा त्याचा मोठा गुण. सगळं जहाज पूर्ण झाल्यावर गाठींवर मॅट वार्निशचा हलका हात फिरव, म्हणजे पावसाळ्यात तो गोंद मऊ पडणार नाही.

आता क्रम. सगळ्यात आधी प्रत्येक काठीच्या पुढे आणि मागे एकेक कच्चा दोरा बांधून काठी नकाशातल्या कोनात उभी कर. बाजूने तिरकी आहे का ते शेंड्यापासून दोन्ही कठड्यांच्या सारख्या जागांपर्यंत दोरा मोजून बघ, डोळ्यावर विसंबू नकोस. हे कच्चे दोर शेवटी कापायचे आहेत, पण तोवर तेच काठीचा तोल राखतात. मग श्राउड. ते जोडीने लागतात. एक दोर खालून वर जातो, काठीच्या मानेला वेढा घालतो आणि पुन्हा त्याच बाजूला खाली येतो. पहिली जोडी उजवीकडची सगळ्यात पुढची, दुसरी डावीकडची सगळ्यात पुढची, मग पुन्हा उजवी. खऱ्या जहाजावरही हाच क्रम, आणि मॉडेलवर त्याचा फायदा दुप्पट, कारण प्रत्येक ओढीला लगेच समोरची ओढ मिळते. एका बाजूचे सगळे श्राउड आधी उरकायचा मोह होतो. तसं केलंस तर काठी त्या बाजूला जाईल आणि नंतर परत येणार नाही.

श्राउडच्या खालच्या टोकाला डेडआय असतात, तीन भोकांच्या गोल चकत्या. वरची आणि खालची यांत बारीक दोर ओवून ताण देतात. सगळ्या जोड्यांतलं अंतर सारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी तांब्याची तार स्टेपलच्या पिनसारखी वाकव, तिचा एक पाय वरच्या चकतीच्या भोकात, दुसरा खालच्या. तार अडकवूनच श्राउड बांध, गोंद वाळला की तार काढ आणि बारीक दोर ओव. चकत्या ओढ सोसतील इतक्या दणकट नसतील तर ओवलेला दोर नुसता दिसण्यापुरता ठेव.

ताण किती? बोटाने दोर हळूच दाबला की तो जरासा दबला पाहिजे आणि सोडला की पुन्हा सरळ झाला पाहिजे, किंचितही झोळ दिसू नये. त्यापुढे एक केसही नाही. तू ज्या जोराने मासेमारीची होडी धक्क्याला बांधतोस तो हात इथे विसरायचा आहे. पॉलिएस्टर मोसमात फारसं हलत नाही, म्हणून जास्त ताणाची गरजही नाही.

श्राउड झाले की त्यांच्यावरून स्टे. मानेवर आधी श्राउडचे वेढे आणि त्यांच्यावर स्टेचा वेढा, हा क्रम उलटा झाला तर नंतर लपवता येत नाही. स्टे आणि बॅकस्टे लागले आणि काठी आपोआप जागेवर उभी राहिली की कच्चे दोर काप. कापताना काठीच्या शेंड्याकडे बघ. तो हलला नाही तर तोल साधला.

मग पायऱ्या, म्हणजे रॅटलाइन. किटमध्ये येणारी प्लास्टिकची तयार शिडी मी या मापाला वापरायला सांगणार नाही. १/१५० किंवा त्याहून लहान जहाजाला ती चालते. खऱ्या पायऱ्यांमधलं अंतर १३ ते १५ इंच, म्हणजे १/९६ ला साधारण ३.५ ते ४ मिमी. पांढऱ्या कार्डावर तेवढ्या अंतराने रेघा मारून ते कार्ड श्राउडच्या मागे अडकव. प्रत्येक श्राउडवर दुहेरी वेढ्याची गाठ. सहा श्राउड आणि पंचवीस पायऱ्या धरल्या तर एका बाजूलाच १५० गाठी होतात. इथे घाई करणाऱ्याचे श्राउड मध्ये कमरेसारखे आत ओढले जातात, कारण प्रत्येक पायरी ओढताना अर्धा केस आत येते. उपाय दोन. आधी दर पाचव्या रेघेवर पायरी बांध, मग मधल्या भर. आणि सगळ्यात पुढच्या व सगळ्यात मागच्या श्राउडला काम चालू असताना एक ताठ तार जोडून ठेव, म्हणजे ते आत येऊ शकत नाहीत. दिवसाला दहा पायऱ्यांच्या वर मी जात नाही. बोटं थकली की गाठी मोठ्या होतात आणि ते लांबूनही दिसतं.

परबाणं वर चढवण्याआधी टेबलावरच त्यांच्या कप्प्या, खलाशांच्या पायाखालचे दोर, सगळं बांधून घे. काठीला लावताना नुसत्या गोंदावर ठेवू नकोस, ०.८ मिमीची पितळी पिन दोघांत आरपार घाल. चालते दोर बांधताना खालची टोकं लगेच पक्की करू नयेत. प्रत्येक टोकाला कपड्यांचा लहान चिमटा लटकवून रात्रभर ठेव, सकाळी डोळा बारीक करून समोरून बघ, आणि मग आतून बाहेरच्या क्रमाने खुंट्यांवर गुंडाळ. काठीजवळचे आधी, कठड्याकडचे शेवटी. उलट केलंस तर हात आत जाणार नाही.

शिडांविषयी माझं ठाम मत आहे. किटमधली साच्यातली प्लास्टिकची शिडं लावू नकोस. ती जाड असतात आणि इतक्या मेहनतीने बांधलेले दोर झाकतात. बिनशिडाचं किंवा गुंडाळलेल्या शिडांचं जहाज कर. गुंडाळलेलं शीड पातळ टिश्यू कागदाला फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून छान होतं, फक्त कागद शिडाच्या खऱ्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच घे, नाहीतर वळकटी गादीएवढी फुगते. आणि शीड लावलेलं नसताना वरची काही परबाणं खाली उतरवलेली असतात हे लक्षात ठेव. कटी सार्कवर प्रत्येक काठीला टॉपसेलची, म्हणजे सगळ्यात खालच्या शिडाच्या वरच्या शिडांची, दोन परबाणं आहेत. त्यांतलं खालचं जागेवरच राहतं, वरचं उतरतं. त्याच्या वरची टॉपगॅलंट आणि रॉयल या शिडांची परबाणंही उतरतात. शिडं नसताना सगळी परबाणं आपापल्या उंच जागी ठेवलेली मॉडेलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि इतकी कष्टाची कामं एवढ्या एका गोष्टीने चुकलेली बघून वाईट वाटतं.

वेळेचं थोडं. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, हात रिकामे असतात, म्हणून सगळे पावसाळ्यात मॉडेल घेऊन बसतात. त्या दिवसांत कापणं, घासणं, सांधे भरणं, कडे आणि खुंट्या करणं, दोर वळणं ही कामं कर. स्प्रेचा प्रायमर मारू नकोस, दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते. रंग आणि दोरबांधणी दसऱ्यानंतर. म्हणजे तुझी काठी आता सोडवून, सळी घालून तयार ठेवलीस तर दिवाळीपर्यंत श्राउडना हात घालता येईल.

बघायला खरं जहाज हवं असेल तर नौदलाचं तरंगिणी आहे, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं, १९९७ मध्ये नौदलात आलेलं. त्याच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी परबाणं आहेत, तिसरीवर नाहीत, एवढा फरक ध्यानात ठेव. मुंबईत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याच्या हाताखाली सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. त्याच्या दोरांचे जवळून काढलेले फोटो मिळाले तर डेडआय आणि मानेवरचे वेढे तासभर नुसते बघत बस. आणि आजोबांना काठीच्या मानेवरचा वेढा बांधताना शेजारी बसव. मचव्याचा असो की क्लिपरचा, दोर कुठे घासेल आणि कुठे सुटेल हे त्यांच्या नजरेला तुझ्या-माझ्याआधी दिसेल.

पूर्ण झालेलं जहाज काचेच्या पेटीत ठेव, पण पेटी हवाबंद नको. मागच्या बाजूला दोन बारीक जाळीची भोकं आणि तळाशी सिलिका जेलची पुडी, जी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवता येते. पत्र्याच्या छपराखालची माळ्याची जागा आणि पश्चिमेची खिडकी दोन्ही टाळ. एप्रिलच्या उन्हात तिथे प्लास्टिक मऊ पडतं, आणि आतून पितळ असलं तरी परबाणांची टोकं खाली येतात.